शिकणारी एक, राहणारे तिघे: कुटुंबासह परदेशी शिकायला जाताना शहर कसं निवडायचं

मी पहिल्यांदा शहर निवडलं तेव्हा एकच गोष्ट बघितली होती, मार्गदर्शक कोण आहेत. मार्गदर्शक उत्तम मिळाले, प्रयोगशाळाही उत्तम मिळाली, आणि पहिले सात महिने आमच्या घरात सर्वांत जास्त वेळा उच्चारला गेलेला शब्द होता ‘बस’. विद्यापीठ शहराच्या एका टोकाला, परवडणारं घर दुसऱ्या टोकाला आणि चार वर्षांच्या मुलीची शाळा तिसरीकडेच. नवरा सकाळी तिला सोडून दीड तासाने घरी यायचा आणि तीन तासांनी आणायला पुन्हा निघायचा. त्याला कामाची परवानगी होती. काम करायला दिवस मात्र उरत नव्हता.

शिकायला मी एकटी जाणार होते, राहायला तिघं. शहर निवडताना आम्ही फक्त शिकणारीचा विचार केला. दोन वर्षांनी पीएचडीसाठी पुन्हा हलायची वेळ आली तेव्हा सगळा क्रम उलटा केला. तोच इथे मांडते आहे.

पहिली पायरी: कुटुंबाला येऊ देतात का?

ही पायरी शहराची वाटत नाही, देशाची वाटते. तरी सुरुवात हिच्यापासूनच करा, कारण हिच्यात निम्मी यादी गळते. प्रश्न तीन आहेत. जोडीदार आणि मुलं सोबत येऊ शकतात का? जोडीदाराला काम करता येतं का? आणि हे दोन्ही तुमच्या नेमक्या कोर्सला लागू आहे का? तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो आणि फटका त्याचाच बसतो.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या, वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्ससाठी कुटुंब सोबत नेता येत नाही. पीएचडी, संशोधनावर आधारलेलं मास्टर्स आणि सरकारी शिष्यवृत्ती यांनाच ती मुभा उरली आहे. म्हणजे एकाच विभागातल्या दोन पदव्यांपैकी एकीबरोबर मुलं येतात, दुसरीबरोबर येत नाहीत, आणि नावावरून कोणती कुठली ते कळत नाही. ‘हा कोर्स व्हिसाच्या दृष्टीने संशोधनाचा धरला जातो का?’ असं विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. आयर्लंडही मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना साधारणपणे मुलं सोबत आणू देत नाही.

कॅनडात २१ जानेवारी २०२५ पासून मास्टर्स किमान १६ महिन्यांचं असेल तरच जोडीदाराला खुलं वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायचा परवाना, मिळतं. पीएचडी आणि काही व्यावसायिक पदव्यांनाही ते मिळतं. तिथे एका वर्षात संपणारी मास्टर्स पुष्कळ आहेत आणि फी वाचते म्हणून लोक ती निवडतात. एकट्याने जाणाऱ्याचा तो हिशेब बरोबर आहे. कुटुंब असेल तर जोडीदाराचा पगार हातचा जातो.

अमेरिकेत एफ-१ या नेहमीच्या विद्यार्थी व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला एफ-२ व्हिसा मिळतो आणि त्यावर नोकरी अजिबात करता येत नाही. २०१५ पासून अर्धवेळ शिकता मात्र येतं. जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसावर गेलात तर जे-२ जोडीदाराला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण जे-१ च्या काही प्रकारांत शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट येते. ती तुम्हाला लागते की नाही, ते आधीच विचारून घ्या. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी मास्टर्स किंवा पीएचडी करत असेल तर कोर्स सुरू झाल्यावर जोडीदाराला तासांची मर्यादा राहत नाही. जर्मनीत जोडीदाराला कामाची पूर्ण मोकळीक आहे, पण तिथे पोहोचण्याआधी साधारणपणे जर्मन भाषेची ए१ ही अगदी प्राथमिक पातळी, पुरेसं उत्पन्न आणि पुरेशी जागा असलेलं घर दाखवावं लागतं. जपानमध्ये कुटुंबासाठी वेगळा दर्जा आहे आणि परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं.

हे नियम वर्षाच्या मधेच बदलतात. त्यामुळे एजंटने काय सांगितलं, चुलतभाऊ तीन वर्षांपूर्वी कसा गेला, याला फार किंमत देऊ नका. त्या त्या सरकारचं इमिग्रेशनचं पान उघडा, ते शेवटचं कधी बदललं ती तारीख बघा, आणि अर्ज करायच्या आठवड्यात ते पुन्हा एकदा उघडा.

दुसरी पायरी: देश तोच, शहर बदललं की नियम बदलतात

इथून खरा शहराचा प्रश्न सुरू होतो. देश ठरला की सगळीकडे सारखंच असेल असं आपण धरून चालतो. तसं नसतं.

ब्रिटनमध्ये व्हिसासाठी दाखवायची रक्कम लंडनसाठी वेगळी आणि बाकी देशासाठी वेगळी आहे. नोव्हेंबर २०२५ पासून विद्यार्थ्यासाठी लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड, बाहेर १,१७१ पौंड. कुटुंबातल्या प्रत्येकासाठी लंडनमध्ये ८४५, बाहेर ६८०. ही नऊ महिन्यांची दाखवायची असते. तिघांचा गुणाकार केला तर लंडनचं नाव घेतल्याबद्दल खात्यात ६,१९२ पौंड जास्त हवेत, आणि हे फक्त दाखवायचे. आरोग्याचा अधिभार मात्र देशभर सारखा, विद्यार्थी आणि त्याच्या कुटुंबातल्या प्रत्येकाला वर्षाला ७७६ पौंड. तो व्हिसाच्या सगळ्या काळाचा एकदम, अर्जाबरोबरच भरायचा असतो. चार वर्षांचा व्हिसा आणि तीन माणसं म्हणजे ९,३१२ पौंड. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता पडायच्या कितीतरी आधी हे पैसे जातात.

कॅनडात आरोग्यविमा प्रांताच्या हाती आहे. अल्बर्टात १२ महिने किंवा जास्त मुदतीचं स्टडी परमिट असलेल्याला प्रांताचा विमा मिळतो. ब्रिटिश कोलंबियात तो मिळतो, पण आल्याचा उरलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं, तोवर खासगी विमा. ओंटारिओत विद्यार्थ्यांना प्रांताचा विमा नाही. विद्यापीठांची वेगळी योजना घ्यावी लागते आणि त्यात जोडीदार व मुलांचे पैसे वेगळे. ओंटारिओतलं टोरांटो की अल्बर्टातलं एडमंटन, असा प्रश्न पडला असेल तर क्रमवारीच्या शेजारी हा रकाना आखा.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, पण बाडेन-वुर्टेनबर्ग राज्य युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. हायडेलबर्ग, श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, फ्रायबुर्ग ही सगळी नावं त्याच राज्यातली. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क लावलं आहे.

ऑस्ट्रेलियात सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून पर्थ, ॲडलेड, कॅनबेरा, होबार्ट अशा शहरांत शिकलात आणि नंतरही तिथेच राहिलात, तर पदवीनंतरच्या व्हिसाला पुढची जादा मुदत मिळू शकते. त्याच व्हिसाला जुलै २०२४ पासून वयाची अट आहे, वर्गातल्या मास्टर्ससाठी अर्ज करताना वय ३५ पर्यंत आणि संशोधनाच्या पदव्यांसाठी ५० पर्यंत. कुटुंब घेऊन शिकायला निघालेली माणसं बहुधा तेवीस वर्षांची नसतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तिसरी पायरी: मिळणाऱ्या पैशाचं वजन शहरागणिक

व्हिसासाठी दाखवायची रक्कम म्हणजे राहण्याचा खर्च नव्हे. जर्मनी एका माणसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२ मागतं. तो आकडा म्युनिकलाही तोच आणि लाइपझिगलाही तोच. भाडं मात्र तसं नाही.

पीएचडीला जाणाऱ्यांनी तर हे आवर्जून बघावं. जर्मनीत पीएचडीची बरीच पदं पगारी असतात आणि पगार बहुतेक राज्यांत एकाच वेतनश्रेणीने ठरतो, त्यात पद पूर्ण आहे की अर्धं, ६५ टक्के की ७५ टक्के, एवढाच फरक. तेच ६५ टक्के लाइपझिगमध्ये तीन माणसांचं घर चालवतात आणि म्युनिकमध्ये भाडं भरून संपत येतात. ब्रिटनमध्येही सरकारी संशोधन परिषदांचा किमान स्टायपेंड, म्हणजे पीएचडी विद्यार्थ्याचं मानधन (२०२५-२६ या वर्षासाठी २०,७८० पौंड), लंडन सोडून सगळीकडे सारखा आहे. लंडनसाठी जादा भत्ता मिळतो, पण तो एका विद्यार्थ्याचं भाडं डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो, दोन खोल्यांचं नव्हे.

हिशेब असा करा. एका कागदावर फक्त चार ओळी: दोन खोल्यांच्या घराचं भाडं, पाळणाघर, आरोग्यविमा, प्रवास. किराणा, कपडे, फोन यांत शहराशहरांतला फरक सोसण्याजोगा असतो. या चार ओळींत तो दुपटीतिपटीचा असू शकतो. मग त्याखाली पहिल्या महिन्याची वेगळी ओळ: डिपॉझिट, पहिलं भाडं, घरातलं सामान, थंडीचे कपडे. जर्मनीत भाड्याचं घर कित्येकदा स्वयंपाकघराच्या ओट्याशिवाय मिळतं, अक्षरशः नळाची तोटी आणि भिंत.

विम्याबद्दल जर्मनीतली एक चांगली गोष्ट: सरकारी आरोग्यविम्यात वयाच्या ३० वर्षांपर्यंत विद्यार्थ्यांचा सवलतीचा दर असतो आणि उत्पन्न नसलेला जोडीदार व मुलं त्याच विम्यात जादा पैसे न देता येतात. अमेरिकेत नेमकं उलट. विद्यार्थ्याचा विमा असिस्टंटशिपमधून, म्हणजे विद्यापीठातल्या शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या पगारी कामातून निघतो, पण जोडीदाराचा आणि मुलाचा विमा स्टायपेंडचा मोठा घास घेऊ शकतो. ऑफर लेटर आलं की पहिला ईमेल याच प्रश्नाचा पाठवा.

चौथी पायरी: घराची रांग प्रवेशाच्या आधी धरायची

मोठ्या विद्यापीठांकडे कुटुंबवाल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी घरं असतात. मॅडिसनला विस्कॉन्सिन विद्यापीठाची ईगल हाइट्स ही वसाहत आहे, अर्बाना-शँपेनला ऑर्चर्ड डाउन्स, व्हँकुव्हरला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं अकेडिया पार्क, टोरांटोला चार्ल्स स्ट्रीटवरच्या दोन इमारती. हेलसिंकीत होआस ही विद्यार्थी गृहसंस्था कुटुंबांसाठीही घरं देते. अशा वसाहतीत घर मिळालं तर निम्मे प्रश्न सुटतात. शेजारी बाबागाडी ढकलणारी माणसं असतात, मूल सांभाळून अभ्यास करणारा बाप असतो, आणि मूल रात्री रडलं म्हणून कोणी तक्रार करत नाही.

या घरांच्या रांगा लांब असतात. काही ठिकाणी प्रवेश पक्का व्हायच्या आधीच नाव नोंदवता येतं. नोंदवा. पाच शहरांत अर्ज केला असेल तर पाचही रांगांत उभं राहा. थोडी अर्जाची फी बुडाली तरी चालेल. स्टॉकहोममध्ये विद्यार्थ्यांची घरं रांगेत साठलेल्या दिवसांवर मिळतात, म्हणजे आज नाव घातलं तर आजपासून दिवस मोजले जातात. ॲमस्टरडॅम आणि उट्रेख्तच्या विद्यापीठांनी तर गेल्या काही वर्षांत परदेशी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितलं की राहायची सोय झाली नसेल तर येऊ नका. हे वाक्य एकट्या विद्यार्थ्यांना उद्देशून होतं. त्यात मूल धरून वाचा.

खासगी घर शोधणार असाल तर दोन अडचणी लक्षात ठेवा. एक म्हणजे एका खोलीत किती माणसं राहू शकतात याचे नियम आणि घरमालकांचे हट्ट. ‘लहान मूल आहे, आमच्याबरोबरच झोपतं’ हे आपल्याला साधं वाटतं, लीजवर बसत नाही. दुसरी अडचण पत्त्याच्या नोंदणीची. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. स्वस्तातल्या सबलेट घरांत, म्हणजे भाडेकरूने पुन्हा भाड्याने दिलेल्या घरांत, हा कागद बहुधा मिळत नाही. तो नसला की कर क्रमांक अडतो, मुलाच्या शाळेपासून जोडीदाराच्या पगारापर्यंत एकेक गोष्ट खोळंबते. स्वीडनमध्ये किमान एक वर्ष राहणार असाल तरच व्यक्तिक्रमांक (सरकारी ओळख क्रमांक) मिळतो, म्हणून परवान्याची मुदत एक वर्षाहून थोडी का होईना जास्त आहे ना, ते बघून घ्या.

आणि घर किंवा घरमालकाचा माणूस प्रत्यक्ष बघितल्याशिवाय डिपॉझिट पाठवायचं नाही. पहिल्या वेळी आम्ही पाठवलं. फोटोतलं घर खरं होतं, ते दाखवणारा माणूस खरा नव्हता. तेव्हापासून नियम केला, पहिले तीन आठवडे विद्यापीठाच्या अतिथिगृहात किंवा थोड्या दिवसांच्या घरात काढायचे आणि तिथून पायी फिरून घर शोधायचं.

पाचवी पायरी: मुलाचं वय

हा भाग वयावर अवलंबून आहे, म्हणून आपल्या मुलाच्या वयाचाच वाचा.

तीनच्या आतलं मूल म्हणजे शहरातली सर्वांत महाग व्यक्ती. पाळणाघराची फी काही शहरांत भाड्याला गाठते. बर्लिनमध्ये ऑगस्ट २०१८ पासून पाळणाघराला फी नाही, जेवणाचे थोडे पैसे द्यावे लागतात. पण फी नसल्यामुळेच जागा मिळवायला धावपळ करावी लागते. इंग्लंडमध्ये मूल तीन वर्षांचं झाल्यावर पुढच्या सत्रापासून आठवड्याला १५ तास, वर्षातले ३८ आठवडे मोफत मिळतात, व्हिसा कोणताही असो. नोकरदार पालकांना मिळणारे जादा तास व्हिसावरच्या कुटुंबांना साधारणपणे मिळत नाहीत. जोडीदाराला परवानगी असूनही पाळणाघरात जागा नसेल, तर ती परवानगी कागदावरच राहते. म्हणून जागा मिळायला किती महिने लागतात, हे फीपेक्षा आधी विचारा.

शाळेच्या उंबरठ्यावरच्या मुलाला वाढदिवस आणि देशाचं वर्ष जुळवून बघावं लागतं. इंग्लंडमध्ये चौथा वाढदिवस झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरात मूल शाळेत जातं. ३१ ऑगस्टला चार पूर्ण झालेलं मूल दुसऱ्या दिवसापासून शाळेचं, १ सप्टेंबरला जन्मलेलं मूल आणखी एक वर्ष घरी. आमच्यासाठी ही एक तारीख म्हणजे वर्षभराच्या पाळणाघराचा प्रश्न होता. जर्मनीत शाळा सहाव्या वर्षाच्या आसपास सुरू होते. फ्रान्समध्ये २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं आहे आणि सरकारी बालशाळा मोफत. ऑस्ट्रेलियात शाळेचं वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं, जपानमध्ये एप्रिलमध्ये.

सरकारी शाळा मोफत असेलच असं धरू नका. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सोबत आलेल्या मुलांना सरकारी शाळा मोफत आहे. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी व्हिसावरच्या कुटुंबांना बहुतेक राज्यांत फी पडते. व्हिसासाठी प्रत्येक शाळकरी मुलामागे वर्षाचे १३,५०२ ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवायला सांगतात ते त्यामुळेच. काही राज्यं काही विद्यार्थ्यांना, विशेषतः पीएचडीवाल्यांना, सूट देतात, म्हणून त्या राज्याच्या शिक्षण खात्याचं पान वाचावं लागतं. न्यूझीलंडमध्ये पीएचडी विद्यार्थ्यांच्या मुलांना शाळेत तिथल्या मुलांसारखंच धरतात.

दहा-बारा वर्षांच्या पुढचं मूल असेल तर शाळेची भाषा सगळ्यांच्या वर ठेवा. चार वर्षांची मुलं सहा महिन्यांत नवी भाषा बोलायला लागतात हे खरं आहे, आमचीही लागली. तेरा वर्षांच्या मुलाला त्याच सहा महिन्यांत भाषा, बीजगणित आणि मित्र तिन्ही सांभाळायचे असतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सरकारी शाळा मुळात फ्रेंच माध्यमाची आहे. तात्पुरत्या मुक्कामाला सवलत मागता येते, पण ती मागावी लागते. मॅकगिल विद्यापीठ इंग्रजीत शिकवतं म्हणून तिथलं मॉन्ट्रियल निवडलं आणि मुलाच्या शाळेचं नंतर बघू म्हटलं, तर ते ‘नंतर’ पहिल्याच आठवड्यात येऊन उभं राहतं. जर्मनीत बर्लिनसारख्या शहरांत नव्याने आलेल्या मुलांसाठी भाषेचे स्वागतवर्ग असतात. लहान गावात ते असतीलच असं नाही.

सहावी पायरी: जोडीदाराचा दिवस

मला विचाराल तर ही पायरी बाकी सगळ्यांना भारी आहे. वेळ, मित्र, वर्ग, ओळखपत्र, रागवायला एक मार्गदर्शक, हे सगळं शिकणाऱ्या माणसाला पहिल्याच आठवड्यात मिळतं. सोबत आलेल्या माणसाला एक किल्ली मिळते.

जोडीदाराला काम करायची मुभा असेल आणि हातात व्यवसाय असेल, तर मोठ्या किंवा मध्यम शहराकडे वळा, भाडं जास्त असलं तरी. दुसरा पगार आला की भाड्याचा फरक भरून निघतो. आणि तो पगार यायला कंपन्या, रुग्णालयं, शाळा दाटीने असाव्या लागतात. ज्या गावात विद्यापीठ हाच एक मोठा मालक आहे, तिथे जोडीदारासाठी दोनच जागा असतात आणि त्या दुसऱ्या कुणाच्या जोडीदाराने आधीच घेतलेल्या असतात.

मुभाच नसेल, म्हणजे समजा अमेरिकेतला एफ-२, तर उलट वागा. महागड्या महानगरात एका स्टायपेंडवर तीन माणसं घरात कोंडून घेतात. त्यापेक्षा विद्यापीठाचं छोटं गाव, कुटुंबांची वसाहत, पायी जाता येईल असं वाचनालय, आणि जोडीदाराला अर्धवेळ शिकता येईल असं कम्युनिटी कॉलेज जवळ असलेलं ठिकाण धरा.

डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, शिक्षक, वकील यांनी एक जादा पान जोडावं. अमेरिकेत असे परवाने राज्य देतं, कॅनडात प्रांताची नियामक संस्था. शेजारच्या राज्यात परीक्षा वेगळी, कालावधी वेगळा. जोडीदार परिचारिका असेल तर शहराच्या यादीत तिच्या परवान्याचा कालावधी तुमच्या पदवीच्या कालावधीशेजारी लिहा. तो जर दोन वर्षांचा आणि तुमची पदवीही दोन वर्षांची, तर ती तिथे कधीच काम करणार नाही हे आजच कळेल.

भाषेचं कौतुक फार ऐकाल: ‘तिथे सगळ्यांना इंग्रजी येतं.’ स्वीडन, नेदरलँड्स, फिनलंड इथे ते बहुतांशी खरंच आहे, दुकानात आणि दवाखान्यात. नोकरीच्या मुलाखतीत आणि शाळेच्या पालकसभेत तितकं नाही. शहरात मोठ्यांसाठी स्थानिक भाषेचे वर्ग आहेत का, दिवसा आहेत का, आणि मुलाला घेऊन जाता येतं का, हे तीनही विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ देणारी शहरं थोडी असतात.

आणि अंधार. हेलसिंकीत डिसेंबरात दिवस सहा तासांपेक्षा लहान होतो, एडिंबराला सात तासांच्या आसपास. शिकणाऱ्याला ते खिडकीबाहेर दिसतं. घरी असलेल्याला ते अंगावर येतं. थंडी कपड्यांनी भागते, अंधाराला रोज जाण्याची एखादी जागा लागते: मुलांचा खेळगट, पोहण्याचा तलाव, वाचनालय. उत्तरेकडच्या चांगल्या शहरांत या जागा असतात आणि बऱ्याचदा मोफत असतात. त्यांची वेळापत्रकं आधीच उघडून बघा, रविवारीही दार उघडं असतं का तेही.

सातवी पायरी: नकाशावरचे तीन ठिपके

इथवर आलात की यादीत दोन-तीन शहरं उरली असतील. आता प्रत्येकाचा नकाशा उघडा आणि तीन ठिपके द्या: कॅम्पस, परवडणारी वस्ती, त्या वस्तीची शाळा. अमेरिकेत सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. ब्रिटनमध्येही मागणी असलेल्या शाळेत अंतराला वजन असतं. म्हणून आधी वस्ती, मग शाळा, असंच बघावं लागतं.

नकाशात वेळ कामाच्या दिवशी सकाळी आठची घाला आणि गाडी नव्हे, बस निवडा. घर ते शाळा ते कॅम्पस, आणि परत. एका बाजूने ४५ मिनिटांच्या वर गेलं तर मी ते शहर खाली ढकलते. मग शेवटची बस कितीला आहे आणि सुट्टीच्या सत्रात ती धावते का ते बघा; विद्यापीठाच्या गावात उन्हाळ्यात बसच्या फेऱ्या कमी होतात आणि तुमची प्रयोगशाळा चालूच असते. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत गाडीशिवाय तिघांचं जमत नाही. गाडी, तिचा विमा आणि पार्किंग यांची एक ओळ तिसऱ्या पायरीच्या कागदावर परत जाऊन लिहा.

आठवी पायरी: कुणाला विचारायचं

‘शहर कसं आहे?’ असं कुणालाही विचारू नका, उत्तर ‘छान आहे’ हेच येतं. विभागाच्या कार्यालयाला विचारा की सध्या किती विद्यार्थी मुलांसह राहतात आणि त्यांच्यापैकी कुणाशी बोलायला मिळेल का. उत्तर शून्य आलं तर तेही उत्तरच आहे. बोलायला मिळालं तर विद्यार्थ्याशी बोलणं थोडक्यात आटपून त्याच्या किंवा तिच्या जोडीदाराला फोन द्यायला सांगा. मग विचारा: काल दिवसभर काय केलंत? मूल शेवटचं आजारी पडलं तेव्हा डॉक्टर किती दिवसांनी भेटले? आल्यानंतर पहिली ओळख कुठे झाली? असं अर्ध्या तासाचं बोलणं जाहिरातवजा वीस व्हिडिओंपेक्षा कामाचं.

मार्गदर्शकांनाही विचारायला संकोचू नका की गटाच्या बैठका संध्याकाळी असतात का. आमच्या पहिल्या गटात त्या साडेपाचला असत आणि पाळणाघर साडेपाचला बंद होई.

सगळे एकदम की एकटं पुढे?

शक्य असेल तर शिकणाऱ्याने दोन-तीन महिने आधी जावं, घर आणि शाळा पक्की करून कुटुंबाला बोलवावं. तिकिटं महाग पडतात, मन कष्टी होतं, पण मूल सुटकेसवर बसून तीन घरं बदलत नाही. अडचण एवढीच की काही देशांत कुटुंबाचा अर्ज वेगळा केला की निर्णयाला जास्त वेळ लागतो. तो किती लागतो, ते निघण्याआधी बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरणार असाल तर सगळं शहर तुमच्याबरोबर घर शोधत असतं. जानेवारी-फेब्रुवारीचा प्रवेश मिळत असेल तर घराच्या बाजूने तो सोपा.

दुसऱ्या वेळी आमच्याकडे शेवटी दोन शहरं उरली. विद्यापीठं तोडीस तोड होती, पैशांतही फारसा फरक नव्हता. मी कागद नवऱ्यापुढे सरकवला आणि मुलीला घेऊन बाहेर गेले. परत आले तेव्हा एका शहराच्या नावाखाली त्याने तीन गोष्टी लिहिल्या होत्या: सकाळी दहाला उघडणारं वाचनालय, दिवसा चालणारा भाषेचा वर्ग, आणि घरापासून शाळेपर्यंतचं अंतर, पायी अकरा मिनिटं. दुसऱ्या शहराखाली फक्त एका बसचा नंबर होता. अर्ज आम्ही त्याच रात्री भरला.